लहान मुलांचा फटका टेकलेल्या पायापासून शिकवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठी स्पर्धा सुरू झाली की खेळाच्या पानावर फुटबॉलची छायाचित्रं भरभरून येतात. बहुतेकांत खेळाडूचा पाय कमरेच्या वर गेलेला असतो, अंग मागे कललेलं असतं आणि चेंडू चौकटीतून निघून गेलेला असतो. तो क्षण फटका मारून झाल्यानंतरचा. सहा-सात वर्षांची मुलं मात्र नेमकी तीच मुद्रा उचलतात: मागे झुकायचं आणि पाय उंच फेकायचा. कडेला उभी असलेली मोठी माणसं त्यात ‘जोरात मार!’ची भर घालतात. लहान मुलांना गोलवर फटका मारायला शिकवणारे आम्ही काही प्रशिक्षक या दोन शब्दांच्या विरोधात हे पत्र लिहीत आहोत. फटक्याची दिशा, त्याची उंची आणि बराचसा जोरही ज्या पायाकडे कुणी बघत नाही त्या पायावर ठरतो. तो म्हणजे चेंडूशेजारी टेकलेला पाय. शिकवणं तिथून सुरू व्हायला हवं, आणि बहुतेक मैदानांवर ते होत नाही.

एकच फटका सावकाश पाहा. चेंडू थांबलेला आहे. मूल सात-आठ पावलं मागे जातं आणि नाकासमोर धावत येतं. शेवटच्या पावलाचा अंदाज चुकतो आणि डावा पाय चेंडूच्या वीतभर मागे पडतो. आता उजव्या पायाला चेंडू गाठायला ताणावं लागतं, आणि ताणलं की धड मागे जातं. मारणारा पाय लंबकासारखा झुलतो. त्याचा सर्वांत खालचा बिंदू टेकलेल्या पायाच्या आसपास असतो, तिथून पुढे तो वर चढू लागतो. चेंडू पुढे राहिल्यामुळे पाऊल त्याला वर चढता चढता, पोटाखाली लागतं. चेंडू आडव्या दांड्यावरून निघून जातो. कडेने हाक येते, ‘अरे, खाली मार, खाली!’ पुढच्या खेपेला मूल पाय आणखी त्वेषाने फेकतं, आणि चेंडू पुन्हा वरूनच जातो. चूक उजव्या पायाची नव्हतीच, मग उजव्या पायाला कितीही सांगितलं तरी ती सुधारणार कशी?

याच्या उलटही घडतं. टेकलेला पाय चेंडूच्या फार पुढे पडला तर मारणारा पाय अजून खाली येत असतानाच चेंडूला गाठतो, चेंडू जमिनीवर दाबला जातो आणि दोन टप्पे खाऊन मरतो. पाय चेंडूला खेटून पडला तर मारणाऱ्या पायाला वाटच उरत नाही, कधी तो आपल्याच घोट्यावर आदळतो. फार लांब पडला तर मूल कमरेतून वाकून चेंडू ओढून घेतं आणि तो आडवा घसरत बाजूला जातो. थोडक्यात, चेंडू कुठे गेला यावरून पाय कुठे टेकला होता हे बहुतेक वेळा ओळखता येतं. प्रशिक्षकाने गोलाकडे पाठ करून मुलाच्या टेकलेल्या पायाकडेच बघत उभं राहावं, असं आम्ही नवख्या शिकवणाऱ्यांना सांगतो. गोल झाला की नाही हे मुलांच्या आरडाओरड्यावरून कळतंच.

योग्य जागा कोणती? थांबलेल्या चेंडूसाठी टेकलेल्या पायाचा मधला भाग चेंडूच्या मध्यासमोर यावा आणि बूट व चेंडू यांच्यात मुलाच्या स्वतःच्या हाताची एक वीत मावावी. सात वर्षांच्या मुलासाठी हे अंतर साधारण 12 ते 15 सेंटीमीटर होतं, आणि मूल वाढेल तशी वीतही वाढत असल्याने माप आपोआप जुळत राहतं. पायाची बोटं जिकडे चेंडू पाठवायचा तिकडे, गुडघा किंचित वाकलेला. गुडघा ताठ ठेवला की सगळं अंग उसळतं. मारणारा पाय उजवा असेल तर डावा हात पक्ष्याच्या पंखासारखा बाजूला उघडावा, त्याने तोल राहतो. बहुतेक मुलं हात आपणहून उघडतात. न उघडणाऱ्यालाच सांगावं, सगळ्यांना सांगून डोकं भरू नये.

हे शिकवायला साधन म्हणून माती पुरते. मऊ मातीवर चेंडूभोवती बोटाने वर्तुळ आखायचं. फटका मारून झाल्यावर मुलाने चेंडूमागे न धावता खाली बघायचं: बुटाचा ठसा वर्तुळाच्या शेजारी आहे, मागे आहे की पुढे? ठसा मुलाने स्वतः शोधायचा आणि बोट ठेवून स्वतः सांगायचं. सिमेंटच्या जागेवर खडूचं वर्तुळ काढून बुटाचा तळ ओला करून घेतला की तसाच ठसा उमटतो. गवत असेल तर दोरीचा हातभर तुकडा चेंडूच्या मध्यातून बाजूला आडवा ठेवायचा आणि पाय दोरीवर टेकायचा. चार-पाच फटक्यांनंतर मुलं एकमेकांचे ठसे तपासू लागतात, ‘तुझा मागे पडला बघ’ असं सांगू लागतात. मग आम्हाला फार बोलावं लागत नाही.

धाव किती असावी यावरही गैरसमज आहे. सात-आठ पावलांची धाव लहान मुलाला जोर देत नाही, फक्त शेवटचं पाऊल चुकवते. सुरुवात एका पावलापासून करावी: मूल चेंडूच्या तिरकं मागे उभं राहतं, एक पाऊल टाकून पाय टेकवतं आणि मारतं. ते जमलं की दोन, मग तीन. तीनपेक्षा जास्त पावलांची गरज दहाव्या वर्षापर्यंत तरी आम्हाला दिसलेली नाही. धाव तिरकी हवी, लक्ष्याच्या रेषेशी साधारण 30 ते 45 अंशांची. मुलांना अंश कळत नाहीत, म्हणून ‘दोन पावलं मागे, एक बाजूला’ एवढं सांगावं. तिरकं आल्याने कंबर वळायला जागा मिळते आणि बोटं खाली केलेलं पाऊल जमिनीला न घासता चेंडूपर्यंत पोचतं. नाकासमोर धावत आलेल्या मुलाची बोटं जमिनीत रुततात. एकदा तसं लागलं की पुढच्या वेळी ते घाबरून बोटं वर उचलतं आणि चेंडू बुटाच्या टोकाने मारतं. टोकाने मारायची सवय मुख्यतः इथून लागते. शेवटचं पाऊल मात्र आधीच्या पावलांपेक्षा लांब पडावं, म्हणजे पाय मागे झुलायला वेळ मिळतो.

आता मारणाऱ्या पायाकडे येऊ. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आम्ही पावलाच्या आतल्या बाजूने मारायला लावतो. घोट्याच्या हाडाच्या पुढे आणि अंगठ्याच्या सांध्याच्या मागे जो खोलगट भाग आहे तो चेंडूला लागला पाहिजे. पाऊल बाहेरच्या बाजूला वळवायचं, बोटं जरा वर, घोटा पक्का आणि स्पर्श चेंडूच्या मध्यावर. ही जागा रुंद असल्याने चूक झाली तरी चेंडू फारसा भरकटत नाही. अंतर चार ते सहा मीटर आणि गोल दीड-दोन मीटर रुंदीचा. यातून मुलाला कळतं की चेंडू जिथे पाठवायचा तिथे जातो. एवढा विश्वास बसल्याशिवाय जोराचं नाव काढू नये.

साधारण सातव्या-आठव्या वर्षी बुटाच्या नाडीने, म्हणजे पावलाच्या वरच्या ज्या भागावर नाडी बांधतात त्या भागाने, मारायला सुरुवात करावी. कुणाला आधी जमतं, कुणाला नंतर. वयापेक्षा एका पायावर तोल सांभाळता येतो का, हे बघावं. एका पायावर पाच सेकंद न डगमगता उभं राहता येत नसेल तर त्या मुलाने अजून आतल्या बाजूनेच मारावं. नाडीच्या फटक्यात बोटं खाली, बुटाच्या तळाकडे वळलेली, आणि घोटा कुलूप लावल्यासारखा. घोटा सैल राहिला की आदळण्याच्या क्षणी पाऊल मागे वाकतं, जोर तिथेच मुरतो, चेंडू रांगत जातो आणि वर पावलाचा सांधा दुखतो. मूल ‘पाय दुखतो’ म्हणालं की आधी घोटा बघावा.

घोट्याचं कुलूप चेंडू न मारताच शिकवता येतं. मुलाने जमिनीवर पाय लांब करून बसायचं, बोटं पुढे ताणायची आणि आपल्याच हाताने पाऊल वरून ढकलून बघायचं. हललं तर सैल आहे. मग जोडीदाराने गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू हलकेच त्याच्या नाडीवर सोडायचा. पाऊल पक्कं असेल तर चेंडू सरळ वर उसळतो, सैल असेल तर ‘फस्स’ होऊन बाजूला पडतो. त्यानंतर उभं राहून दोन्ही हातांत चेंडू कमरेसमोर धरायचा, सोडायचा, नाडीवर हलकेच घ्यायचा आणि परत झेलायचा. इथे चेंडूच आपल्याला सगळं सांगतो. तो न फिरता वर आला तर स्पर्श नाडीवर झाला. गिरक्या घेत अंगावर आला तर बोटं वर होती. सलग पाच वेळा न फिरता झेलता आला की त्या मुलाचा चेंडू जमिनीवर ठेवावा. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे आवाज. नीट लागलेल्या फटक्याचा आवाज भरीव असतो, ‘धप्प’. टोकाने मारलेला ‘टक्’ करतो. डोळे मिटून दुसऱ्याचा फटका ओळखायचा खेळ मुलांना अतिशय आवडतो, आणि त्यातून ती स्वतःचा फटकाही ऐकायला शिकतात.

स्पर्श चेंडूच्या नेमक्या मध्यावर, आणि त्या क्षणी छाती चेंडूवर. मारल्यानंतर पाय लक्ष्याच्या दिशेने पुढे गेला पाहिजे आणि मुलाचं पहिलं पाऊल मारलेल्या पायावरच पडलं पाहिजे. जे मूल मारून झाल्यावर त्याच पायावर पुढे उतरतं त्याचं वजन फटक्यात गेलेलं असतं. जे मागे पडतं किंवा जागेवर थिजतं त्याने फक्त पाय फेकलेला असतो. चेंडूवर मध्यभागी एखादा ठिपका काढून ‘ठिपक्याला बूट लागू दे’ एवढं म्हटलं तर नजरही खाली राहते. मुलं मान वर करतात ती चेंडू कुठे जातो हे बघायच्या उत्सुकतेने, आणि मान आधी वर गेली की खांदे उघडतात, अंग मागे जातं. ‘वर बघू नको’ या सूचनेपेक्षा ‘ठिपका बघ’ ही सूचना लहान मुलाला लवकर समजते, कारण तिच्यात काय करायचं ते आहे.

बुटाच्या टोकाने मारणं पाप नाही. गोलासमोर गर्दीत पाय मागे न्यायला जागाच नसते तेव्हा टोकाचा झटकन मारलेला फटका हाच योग्य फटका. बंदिस्त जागेतल्या फुटसालमध्ये कसलेले खेळाडू तो मुद्दाम वापरतात. पण टोकाचा चेंडूला होणारा स्पर्श अगदी लहान असतो. नखभर इकडेतिकडे झालं तरी दिशा बदलते, आणि सवय लागली तर नखही दुखावतं. म्हणून तो शेवटी शिकवावा.

चेंडूबद्दल आम्ही आग्रही आहोत, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. मोठ्यांचा 5 नंबरचा चेंडू नियमाप्रमाणे 410 ते 450 ग्रॅमचा आणि 68 ते 70 सेंटीमीटर घेराचा असतो. बावीस किलोच्या मुलाला 430 ग्रॅमचा चेंडू देणं म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला जवळजवळ 1 किलो 400 ग्रॅमचा चेंडू मारायला लावणं. कुठलाही मोठा माणूस त्यासमोर मागे झुकेल आणि टोकाने ढोसेल. मूलही तेच करतं. साधारण आठ वर्षांपर्यंत 3 नंबरचा, तिथून बाराव्या वर्षापर्यंत 4 नंबरचा आणि त्यानंतर 5 नंबरचा चेंडू द्यावा. हवाही ठासून भरू नये. चेंडूच्या व्हॉल्व्हजवळ हवेचे आकडे छापलेले असतात, लहानांसाठी त्यातला खालचा पुरतो. दगडासारखा चेंडू एकदा नाडीवर सणसणीत बसला की मूल पुढचे आठ दिवस पाऊल चोरून मारतं. बुटाबद्दल एवढंच: ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर बोटं खाली करताच बुटाचं टोक जमिनीला अडकतं. नाडीची गाठ बाजूला घ्यावी, फटक्याच्या जागेवर नको. नडगीला शिनगार्ड असावेत.

गोलाच्या चौकटीचंही तेच. पूर्ण मापाचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. त्याच्यात सव्वा मीटर उंचीचं मूल गोलरक्षक म्हणून उभं केलं की डोक्यावरून टाकलेला प्रत्येक चेंडू गोल होतो. समोरचं मूल त्यातून एकच धडा घेतं: पोटाखाली मारा, उंच उडवा, टाळ्या मिळतात. पाच वर्षांनी गोलरक्षक उंच होतो आणि याचे सगळे गोल बंद होतात, सवय मात्र हाडात रुजलेली असते. म्हणूनच मुलांचा फुटबॉल लहान मापात खेळवायचा विचार जगभर रुजतो आहे. इंग्लंडमध्ये लहान गटांसाठी 3.66 बाय 1.83 मीटरचे गोल वापरतात. अमेरिकेत आठ वर्षांखालची मुलं चार-चार जणांत, गोलरक्षकाविना खेळतात. जर्मनीने 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान मुलांना दोन-दोन किंवा तीन-तीन जणांत, चार छोट्या गोलांवर खेळवायला सुरुवात केली. गोल लहान आणि बुटका केला की चेंडू खाली आणि कोपऱ्यात ठेवण्यावाचून मुलाला पर्याय राहत नाही. जमिनीलगतचा कोपऱ्यातला फटका मोठ्या गोलरक्षकालाही अवघड जातो, कारण त्याला आख्खं अंग खाली टाकावं लागतं.

आता सरावाच्या पद्धतीकडे. सर्वत्र दिसणारं चित्र असं: पंधरा मुलं एका रांगेत, प्रशिक्षक गोलासमोर उभे, मूल चेंडू त्यांना देतं, ते परत देतात, मूल मारतं आणि चेंडू आणायला पळतं. एका मुलाला वीस सेकंद धरले तर रांग एकदा फिरायला पाच मिनिटं लागतात. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार फटके येतात आणि अठरा मिनिटांहून जास्त वेळ उभं राहणं. रांगेत मुलं एकमेकांना ढकलतात, मग आम्हीच त्यांना बेशिस्त म्हणतो. चार फटक्यांत कुठल्याही मुलाच्या पायाला काही समजत नाही. शिवाय सगळे बघत असतात, म्हणून जे मूल कच्चं आहे ते घाबरून घाई करतं.

त्याऐवजी जोड्या पाडाव्यात. दोन मार्करचा (जमिनीवर ठेवायच्या खुणांचा) दोन मीटर रुंदीचा दरवाजा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर एकेक मूल, दोघांत एक चेंडू. एकाने दरवाजातून मारायचा, दुसऱ्याने थांबवायचा, जागेवर ठेवायचा आणि परत मारायचा. जोड्या एकमेकींपासून चार-पाच मीटर अंतरावर, सगळ्यांची दिशा समांतर. चुकलेले चेंडू आणण्याचा वेळ वजा केला तरी वीस मिनिटांत प्रत्येकाचे चाळीसभर हलके फटके होतात, आणि ते सगळे कुणी न बघता. दहा वेळा सलग दरवाजातून गेला की दरवाजा पाऊलभर अरुंद करायचा. पुढे दोघांनी एकेक पाऊल मागे जायचं. दर डावाची सुरुवात कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या पायाने करावी. शेवटी ठेवला की तो नेहमी राहून जातो. कच्चा पाय लहानपणी जितका सहज तयार होतो तितका नंतर होत नाही.

थांबलेला चेंडू हा फक्त पहिला टप्पा. सामन्यात चेंडू क्वचितच थांबतो, आणि तिथे टेकलेल्या पायाचं गणित बदलतं. हे न सांगितल्यामुळे ‘सरावात छान मारतो, सामन्यात काय होतं कुणास ठाऊक’ असं पालक म्हणतात. चेंडू पुढे पळत असेल तर पाय झुलून येईपर्यंत तो आणखी पुढे गेलेला असतो, म्हणून पाय चेंडूच्या थोडा पुढे टेकायला हवा. चेंडू समोरून येत असेल तर तो आपणहून जवळ येणार असतो, म्हणून पाय अलीकडेच टेकून वाट बघायची. बाजूने येणाऱ्या चेंडूला तो जिथे असेल तिथे नव्हे, तर जिथे पोचणार आहे तिथे गाठायचं. मुलांना हे शब्दांत सांगून उपयोग नाही. आधी स्वतःच हळू ढकललेला चेंडू मारायला लावावा, मग समोरून जोडीदाराने घरंगळत सोडलेला आणि शेवटी बाजूने आलेला. वेग वाढवायची घाई नको.

मारण्याआधीचा स्पर्श तितकाच महत्त्वाचा. मुलं चेंडू पायाखालीच ठेवतात आणि तिथूनच मारायला जातात. मग शेजारी पाय टेकायला जागा कुठली? शेवटचा स्पर्श चेंडूला दोन पावलं पुढे आणि मारणाऱ्या पायाच्या बाजूला किंचित तिरका न्यायला हवा. तो स्पर्श झाल्यावर चेंडू पुढे जात असताना एकदा मान वर करून गोल बघायचा आणि मग ठिपक्यावर नजर ठेवायची. ‘ढकल, बघ, मार’ हे तीन शब्द मुलं म्हणत म्हणत करतात आणि शब्दांचा ताल पावलांना लागतो. गोलाकडे बाजूने जाताना लांबच्या खांबाकडे मारायची सवय लावावी. तिकडचा चेंडू गोलरक्षकाने अडवला तरी तो बहुधा मैदानातच पडतो आणि धावत आलेल्या साथीदाराला मिळतो. जवळच्या खांबाकडचा चुकलेला चेंडू सरळ बाहेर जातो.

बोलण्याबद्दल. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. घोटा, गुडघा, हात, मान, छाती असं सगळं एकदम सांगितलं तर मूल जागीच गोंधळतं. दर फटक्यानंतर दुरुस्तीही करू नये. तीन फटके होऊ द्यावेत, मग विचारावं, ‘कुठे लागला?’ मुलाने बुटावर बोट ठेवून दाखवलं की निम्मं काम झालं. शाबासकी गोलला न देता नीट लागलेल्या चेंडूला द्यावी. खांबाला लागून बाहेर गेलेला स्वच्छ फटका नडगीला लागून आत गेलेल्या चेंडूपेक्षा मोलाचा आहे, आणि हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं.

बारा मुलांचा पाऊण तासाचा सराव आम्ही असा बसवतो. आठ मिनिटं प्रत्येकाला चेंडू, मैदानभर विखुरलेले दहा-बारा छोटे दरवाजे आणि चेंडू चालवत त्यांतून हलके फटके. बारा मिनिटं जोड्या. दहा मिनिटं ढकलून मारणं, दोन गोल, प्रत्येक गोलासमोर दोन छोट्या रांगा, रांगेत तीनपेक्षा जास्त मुलं नाहीत. उरलेली पंधरा मिनिटं तीन विरुद्ध तीन सामने, जमिनीलगतचा गोल दोन गुणांचा आणि कच्च्या पायाचा गोल तीन गुणांचा. सामन्यात आम्ही तोंड बंद ठेवतो. पूर्ण जोराचे फटके एका दिवशी तीस-चाळीसच्या वर नकोत. वाढत्या वयात गुडघ्याखालचं हाड आणि टाच जिथे वाढत असतात त्या जागा वारंवारच्या ताणाने दुखावतात. मूल लंगडत असेल, टाच टेकवत नसेल किंवा गुडघ्याखालच्या उंचवट्याला हात लावू देत नसेल तर त्या दिवशी सराव थांबवावा, आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावं. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. हलवता येणारे लोखंडी गोल जमिनीला ठोकून किंवा मागच्या दांड्यावर वजन ठेवून पक्के केल्याशिवाय एकाही मुलाला जवळ जाऊ देऊ नका. असे गोल उलटून जगात मुलांचे जीव गेले आहेत. खेळाचा पहिलाच नियम सांगतो की गोल पक्का बसवलेला असला पाहिजे. आडव्या दांड्याला लोंबकळणाऱ्या मुलाला लगेच उतरवावं. फटक्यांचा सराव चालू असताना गोलाच्या मागे कुणी थांबू नये, आणि चेंडू आणायला सगळ्यांनी एकाच शिट्टीवर जावं. पाच मीटरवरून मारलेल्या फटक्यासमोर लहान मुलाला गोलरक्षक म्हणून उभंही करू नये. तिथे दोन मार्कर पुरतात.

आपल्याकडे एक विनंती. आपल्या छायाचित्रकारांनी एखाद्या सामन्यात कॅमेरा गवताच्या उंचीवर ठेवून, फटका लागण्याच्या आधीचा क्षण टिपावा: चेंडू अजून जागेवर, मारणारा पाय मागे, आणि चेंडूशेजारी टेकलेला पाय, त्याची बोटं, वाकलेला गुडघा, मधली वीतभर जागा स्पष्ट दिसणारी. असं एक छायाचित्र खेळाच्या पानावर मोठं छापलं, तर आम्ही ते कापून मैदानाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवू.

आपले विश्वासू,
लहान मुलांना फुटबॉल शिकवणारे काही प्रशिक्षक